नळ्यांखालचं साल

आज दाराच्या कडीला तेल घालताना त्या वासानं निलंग्याकडच्या एका जमीनमालकाची बैठकीची खोली आठवली. तेव्हा नांदेडला माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, आणि स्वतःच्या आजोबांची जर्मन बंदूक दाखवायला त्यानं मला बोलावलं होतं. तिला तीन नळ्या होत्या, वर दोन छऱ्यांच्या, खाली एक गोळीची. भिंतीवर वाघाचं कातडं आणि त्याखाली शिकारीचं साल कोरलेली पितळी पाटी. "ह्याच बंदुकीनं आजोबानं वाघ लोळवला," तो पाहुण्यांना सांगत होता. चहा आणणारा म्हातारा सालगडी हळूच म्हणाला, "मालक, वाघ माज्या बापानं मारला, भाल्यानं." "गप रे! भाल्यानं वाघ मरतो व्हय?" मालक खेकसला, पाहुणे खिदळले. मी नळ्या उतरवल्या. त्यांच्या खालच्या बाजूला मुकुटाचा ठसा होता आणि बाजूला बारीक आकडे. जर्मनीत जादा दारू भरून बंदूक उडवून बघत आणि त्या परीक्षेचा महिना-साल तिथंच ठोकत. ते साल पाटीवरच्या सालाच्या सात वर्षांनंतरचं होतं. "वाघ मेला तेव्हा ही बंदूक तयारच झाली नव्हती," मी म्हणालो. मालक जराही ओशाळला नाही. "जर्मनवाल्यांचंच चुकलं असंल," म्हणाला, आणि मुनीमाला पाटीवरचं साल बदलून घ्यायला सांगितलं. सालगडी मला एसटीपर्यंत सोडायला आला. "बापाच्या खांद्यावर नखाचे वण होते साहेब, लई खोल," एवढंच बोलला. त्या मालकाची मला आजही किळस येते, आणि एवढं होऊनही त्याच्याकडं दोन घास जेवूनच उठलो म्हणून थोडी माझीही.