रोज एक बादली

शोभाचा हात गाडीच्या दाराला चिकटला होता. तोंड उघडं, पण आवाज नाही. नजर माझ्यावर. मेन स्विच माझ्या पाठीमागंच होता — तरी मी आधी खड्ड्याकडं पाहिलं. मग खटका ओढला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शोभा माझी सून. चाकूरला शाळेत शिकवायची, विजेच्या गाडीनं जायची. गाडीचं चार्जर अंगणातल्या भिंतीवर. त्याची एक तार जमिनीत, मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरलेली. माती ओली असली तरच चुकार वीज जमिनीत उतरते, म्हणून सलीम मिस्त्रीनं बजावलं होतं — रोज बादलीभर पाणी घाला. ते काम मीच मागून घेतलं.

त्या दुष्काळात टँकर आठ दिवसांनी यायचा. घरातले ओल्या फडक्यानं अंग पुसायचे. मातीला पाणी पाजायचं? त्या बादलीनं मी न्हाणीचं दार लावून अंघोळ करत होते.

मग चार्जरवर तांबडा दिवा लुकलुकायला लागला. गाडी भरेना. सलीम आला.

"आजी, पाणी घालता नं खड्ड्यात?"

"रोज एक बादली."

"बघा हं! सासवांचा काय भरवसा?"

"तुझ्या बापाला विचार, मी खोटं बोलते का."

तो हसला. "मग यंत्रच येडं हाय."

मीटर लावून बघायचं सोडून तो माझ्या शब्दावर गेला. आत एक तार जोडून, खड्डा ओला असल्यासारखं भासवून त्यानं यंत्राला फसवलं. दिवा हिरवा झाला.

चार दिवसांनी गाडीखाली झोपणारं कुत्रं उठून रस्त्यावर गेलं. बोलावलं तरी येईना, लांबून गाडीकडं बघत गुरगुरायचं. शोभा म्हणाली, दाराला हात लावला की मुंग्या येतात. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. मी म्हणाले, तुला भास होतोय.

टँकर आला त्या दिवशी ती पाणी भरून ओल्या पायांनी, अनवाणी, गाडीकडं गेली.

पुढं गावानं सलीमला दोषी धरलं. त्याची चूक होतीच. पण खड्डा कोरडा का, हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यानं विजेचं काम सोडलं.

शोभाची उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. अंगणात त्या वेळी आम्ही दोघीच होतो, आणि मी आधी कुठं पाहिलं ते तिनं पाहिलं होतं. दोघीही जगलो.