पाठमोरी शकूकाकी

पोपटीचं मडकं जाळात असताना उचलून बघायचं नसतं, हे आमच्याकडे दुसरीतल्या पोरालाही माहीत असतं. मी उचललं. एक नाही, चार. चौथं हातातून सुटलं आणि फुटलं.

ज्यांनी पोपटी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी हे सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात दाबून मडक्यात भरायचं. तोंड पाल्यानंच बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या पेटवायच्या. आतलं आतल्या वाफेवर शिजतं. झालं की नाही ते कळायला एकच सोय आहे, वरून पाण्याचा हबका मारायचा. पाणी चर्र करून उडालं की झालं. आत काय चाललंय ते बघायची सोय नाही. आणि मी पडलो रोह्याच्या एका कंपनीत तेव्हाच्या तीन महिने आधी झालेला शिफ्ट सुपरवायझर. बघायची सोय नसलेली गोष्ट मला त्या तीन महिन्यांत सोसेनाशी झाली होती.

दहा मडक्यांची ती ऑर्डर मीच आणली होती. आमच्या निलेश साहेबांच्या डिपार्टमेंटचं जेवण, जानेवारीतला रविवार, गडब गावाच्या मागे एक शेत, चाळीस माणसं, बरोबर एक वाजता. जेवण जमलं तर होळीपर्यंतचे सगळे रविवार शकूकाकीच्या बायकांना, असं साहेब म्हणाले होते. तेवढ्या शब्दावर त्यांच्यातल्या मनालीनं पेणच्या साड्यांच्या दुकानातली नोकरी सोडली. तिथला मालक रोज संध्याकाळी तिची डब्याची पिशवी उघडून बघायचा.

शकूकाकी ही माझी सख्खी चुलती, राहायला आमच्याच गावात, पेणजवळच्या जित्याला. तिच्या हाताखाली दोघी, मनाली आणि गिरजाबाई. हाताखाली हा शब्द माझा, कंपनीतला. काकीचा हात कोणाच्या वर असतो हे मी कधी पाहिलं नाही. ती काम एकदा सांगते आणि पाठ फिरवून वालाची बिरडी सोलत बसते. ज्या बाईनं मडकं भरलं तिनं त्याच्या बुडावर चुन्यानं आपली खूण करायची. मनालीच्या दोन रेघा, गिरजाबाईचा गोल. जिचं मडकं तिचं मीठ, तिचा जाळ.

"बघत का नाय तू?" मी तिला त्या दिवशी सकाळीच विचारलं.

"माझी सासू बघायची," काकी म्हणाली. "मी आमटीत मीठ टाकलं की मागनं तीबी टाकायची. मी इसरले असन म्हणून. बारा वर्षं घरात खारट खाल्लं. तुझ्या काकाला आजबी वाटतंय आमटी तशीच असती."

मी हसलो आणि वहीत रकाने आखले. मडकं क्रमांक, पेटवल्याची वेळ, तपासणीची वेळ.

"काय रं ऋत्विक," गिरजाबाई म्हणाली, "मडक्यांची हजेरी घेतोस? गैरहजर कोण हाय?"

जाळ लागून पंधरा मिनिटं झाली असतील. काकी पाठमोरी, मनाली विहिरीवर पाणी आणायला, गिरजाबाई आपल्या जाळापाशी, आणि माझ्या फोनवर साहेबांचा मेसेज, 'स्टेटस?' आता स्टेटस काय कळवणार? मी ओलं गोणपाट घेतलं आणि कडेचं मडकं उचललं. वाफ भसकन तोंडावर आली. कळलं काही नाही, म्हणून दुसरं उचललं. पुढचं वर सांगितलंच आहे.

मनाली हंडा घेऊन आली. राखेत लोळणाऱ्या शेंगा बघितल्या, खापरावरच्या दोन रेघा बघितल्या.

"चारी माझीच व्हती," ती म्हणाली.

"साहेबांची तपासणी झाली," गिरजाबाई म्हणाली.

काकी वळली. मी शिव्यांच्या तयारीनं उभा होतो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मनाली, काय करायचं गो?"

मनालीनं हंडा खाली ठेवला. "तिन्हींत ताजा पाला कोंबते, नवा जाळ घालते. तवर ती सहा वाढा."

"जाळाला कोण?"

"ह्यालाच बसवा. मी पाला आणाया जाते."

माकडाच्या हाती कोलीत द्यावं तशी तिनं गोवऱ्यांची पाटी माझ्याकडे सरकवली. पाला आणला, मडकी भरली, उपडी ठेवली आणि काकीच्या शेजारी बिरडी सोलायला बसली. तीसुद्धा पाठ करून.

"काकी, किती वेळ ठेवू?"

"मला काय ठावं? जाळ तुझ्यापुढं हाय."

कंपनीत माझ्यावर दोन कॅमेरे आणि एक मॅनेजर असतो, तरी मला एवढा घाम कधी आला नव्हता. एका बाजूनं पेंढा विझायचा, दुसऱ्या बाजूनं भडकायचा. वहीचा उपयोग शेवटी वारा घालायला झाला. एक वाजता साहेब आले, पहिली सहा मडकी बघता बघता रिकामी झाली, आणि साहेब हात पुसत माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले.

"झालं का रे? एक उघडून बघू या."

"साहेब, उघडायचं नसतं."

"आता आला शहाणपणा," मागून गिरजाबाई.

पहिला हबका मारला, पाणी ओघळून खाली आलं. दुसराही तसाच. तिसऱ्याला चर्र झालं. मी मनालीला हाक मारली. ती वळली नाही.

"तुला वाटतंय ना झाली?"

"व्हय."

"मग काढ."

दोन मडकी चांगली निघाली. तिसरं एका अंगानं करपलं होतं, आणि साहेबांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं, धुराचा वास अस्सल आहे म्हणाले. पुढच्या रविवारचं सांगायला ते काकीकडे वळले, तर काकी म्हणाली, "मला नका सांगू, दादा. तिला सांगा." मनालीनं हात पदराला पुसले, माझी वही उचलली, रकान्यांची पानं उलटली आणि कोऱ्या पानावर तारखा लिहून घेतल्या. होळीपर्यंतच्या सगळ्या.

निघताना मी म्हणालो, "काकी, त्या फुटलेल्या मडक्याच्या बदल्यात नवं आणून देतो. पेणच्या कुंभाराकडचं."

"दे," काकी म्हणाली.

होळी होऊन आता चार महिने झाले. मी रोज पेणवरूनच रोह्याला जातो. काकी जित्याच्या स्टेशनावर भेटते, आईच्या गुडघ्याचं विचारते, माझ्या नाइट शिफ्टचं विचारते. मडक्याचं विचारत नाही. एकदा विचारलं असतं, तर दुसऱ्या दिवशी आणून टाकलं असतं. परवा तिच्या पडवीत गेलो तर नऊ मडकी ओळीनं उपडी होती, आणि शेवटी एकाची जागा रिकामी, झाडून ठेवलेली.

काकी माझ्याकडे पाठ करून बिरडी सोलत होती.