चाकामागचा दगड

चांदभाई मिस्त्रींकडे गाडी नेली की ते आधी बॉनेट उघडत नसत. मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसत, डोळे मिटत आणि म्हणत, "चालव." माजलगावच्या बायपासला एक फेरी होईपर्यंत एक शब्द नाही. मग डोळे उघडून सांगत, डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय, सायलेन्सर घासतोय, आणि तू क्लचवर पाय ठेवून चालवतोस. हे शेवटचं जवळजवळ प्रत्येकाला ऐकावं लागे. मागंच का बसता, असं कुणी विचारलं तर म्हणत, "चालवणाऱ्याला गाडी कळत न्हाई. मागच्याला कळती. मागचं माणूस झोपलं, की समजायचं गाडी नीट झाली." स्वतः मात्र ते कुणाच्याही गाडीत झोपल्याचं ऐकिवात नव्हतं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आईवडिलांनी पंचवीस हंगाम ऊसतोड केली. मी बीएस्सी झालो, बीएड केलं आणि शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. हे मी मिरवत नाही असं खोटं सांगणार नाही, मिरवतो. जुनी आठशे सीसीची गाडी घेतली तीही त्याच अभिमानात. गल्लीत लोक तिला डबी म्हणायचे. आमच्या दारात उभी राहिलेली ती पहिली चारचाकी होती.

मग अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही अंबाजोगाईला. वाटेत धारूरचा घाट. सपाटीवर डबी बरी चालायची, पण घाटात चौघं बसलेले असले की धापा टाकायची. त्यात हंगाम असला की पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. तो थांबला की आपण थांबायचं आणि चढावर पुन्हा निघायचं. एकदा तशीच निघता निघता गाडी बंद पडली आणि मागं सरकायला लागली. ब्रेक दाबूनही सरकत होती. मी हँडब्रेक ओढेपर्यंत मागचं दार उघडून अण्णा खाली उतरले होते, आणि रस्त्याकडेचा दगड उचलून त्यांनी चाकामागं लावला होता. ज्या माणसाला आदल्या दिवशी अंगणातून घरात यायला आधार लागला होता, तो. बैलगाडी घाट चढताना मागून दगड घेऊन चालायची पंचवीस हंगामांची सवय, हातापायांनी ते आपलं आपण केलं. पुढच्या खेपेपासून अण्णा तो दगड गाडीत पायाशी घेऊनच बसायला लागले. मला त्याची लाज वाटायची.

मी ठरवलं, इंजिन बदलायचं. मोबाईलवर आठ दिवस वाचलं. तेराशे सीसीचं इंजिन काही लोकांनी अशा छोट्या गाडीत बसवलेलं पाहिलं. गाडीचं वजन, माणसांचं वजन, घाटाचा चढ, अश्वशक्ती असं सगळं गणित कागदावर मांडलं. संभाजीनगरच्या, जुनी इंजिनं विकणाऱ्या एका मालवाल्याला फोनवर शब्दही देऊन टाकला. मग चांदभाईंकडे गेलो. सल्ल्याला नव्हे, बसवून घ्यायला.

ते नेहमीप्रमाणे मागं बसले. पाय ठेवताना दगडाला लागला. वाकून त्यांनी तो वर काढला, मांडीवर घेतला.

"ह्यो कुणाचा?"

"वडील ठेवतात. घाटात गाडी मागं येते."

"वडील पेशंट हायत ना? तेच उतरून लावतात?"

मी हो म्हणालो. त्यांनी दगड जागच्या जागी ठेवला आणि फेरी न मारताच उतरले. त्यानंतर मी गणिताचा कागद पुढं केला. खिशातून फडक्यात गुंडाळलेला चष्मा काढून त्यांनी कागद नीट पाहिला. चांदभाईंची शाळा सही येण्यापुरतीच झालेली, पण आकडे पक्के.

"मास्तर, बरोबर असंल. हा चढ झाला. उतार कुठंय?"

मी उताराचं गणित केलंच नव्हतं.

"वर जायचं तेवढं शिकला का बे कॉलेजात?" म्हणाले, आणि हसले. मला राग आला. गाडी घेऊन मी सरळ घरी आलो.

दोन दिवसांनी रविवार होता. सकाळीच ते दारात. "चल, डबी काढ." त्यांनी मागच्या सीटवर सरकी पेंडीची तीन पोती टाकायला लावली आणि स्वतः चालवायला बसले. धारूरपर्यंत चढून आम्ही तसेच मागं फिरलो. उतारावर त्यांनी मुद्दाम गाडी सोडली आणि माझ्यासारखीच चालवली, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये, सारखा ब्रेकवर पाय. निम्म्या घाटात करपल्यासारखा वास यायला लागला. ब्रेकचा पाय खाली खाली जायला लागला तसे गिअर उतरवत त्यांनी मोठ्या मुश्किलीनं कडेला गाडी उभी केली. "पुढच्या चाकाजवळ हात ने," म्हणाले. नेववत नव्हता.

"आता ह्याच्यावर तुझं तेराशेचं इंजिन ठेवतो. वजन सगळं नाकावर, पळणार दुप्पट. चढावर तुझं नाव होईल, लई नाव होईल. उतारावर ह्याला थांबवायचं कुणी? आणि मागं कोण बसलंय? डायलिसिस करून आलेलं माणूस. त्याला दगड घेऊन उतरायची ताकदबी नसती तवा." मग म्हणाले, "तू इंजिन आणलं तर बसवून देईन. तुझी गाडी हाय. पण अण्णाला त्यात मी बसू देणार न्हाई."

शाळेत तीस पोरांसमोर मी ऊर्जा शिकवतो. वर चढवलेली वस्तू खाली येताना काय होतं, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. तिथं घाटात उभं राहून मला पहिल्यांदा कळलं, असं म्हणायला आजही जीभ जड होते. पण झालं तसंच.

संभाजीनगरच्या मालवाल्याला फोन करून मी शब्द परत घेतला. चांदभाईंनी सुचवलं ते अकराशे सीसीचं इंजिन, डबीच्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीतलं. "भाऊबंदातलं," ते म्हणाले. "थोडंसं तासावं लागंल, पण जुन्या इंजिनाच्याच पायावर बसंल. आणि नुसतं इंजिन न्हाई. गिअरबॉक्स त्याचाच, रेडिएटर त्याचा, ब्रेक तर त्याचेच. ताकद आणायची तर तिला आवरणारंबी संगं आणायचं."

इंजिन निवडायला आम्ही दोघं गेलो तो दिवस मी विसरणार नाही. पहिल्या मालवाल्यानं आमच्या येण्याआधीच इंजिन चालू करून ठेवलेलं. आवाज मऊ, धूर नाही. मी खूश. चांदभाईंनी इंजिनावर तळहात टेकवला आणि म्हणाले, "चहा मागवा." एक चहा झाला, दुसरा झाला. मालवाला म्हणाला, "चाचा, कावून थांबलाव? मस्त हाय की." चांदभाई म्हणाले, "तुमी गरम करून दाखवलं. माझं गिऱ्हाईक सकाळी सहाला थंडीत निघतंय." अडीच तास आम्ही टायरांच्या ढिगावर बसून होतो. पार थंड झाल्यावर चालू केलं, तर चौथ्या झटक्याला लागलं आणि निळा धूर सोडला. मालवाला दुसरीकडं बघायला लागला. तिथून उठून आम्ही दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथलं पहिल्याच झटक्याला लागलं.

तरी त्यांनी ते लगेच बसवलं नाही. "कागद आधी." इंजिन बदलायची आरटीओची परवानगी हातात आली, तेव्हा सगळा कागद त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावला, खालच्या शिक्क्यासकट. मग गाडी उघडली. बारा दिवस डबी त्यांच्या शेडमध्ये होती. त्या दिवसांत अण्णांना कसं न्यायचं, हे मी त्यांना विचारलंही नव्हतं. मंगळवारी सकाळी त्यांची जुनी जीप दारात आली. "शाळा बुडवू नको. आमी दोघं म्हातारे जाऊन येतो." अशा चार खेपा त्यांनी केल्या. दवाखान्यात चार-चार तास बाहेरच्या बाकावर बसून राहायचे, हे मला अण्णांकडून कळलं. डिझेलबद्दल बोलायला गेलो तर म्हणाले, "अण्णानं मला ऊसतोडीच्या गोष्टी सांगितल्या. हिशोब मिटला."

डबी तयार झाली. पहिल्या खेपेला अण्णा दगड पायाशी घेऊनच बसले. घाटात पुढं ट्रॅक्टर थांबला, मी थांबलो, अण्णांचा हात दाराच्या मुठीवर गेला. मी पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी निघाली. मागं केसभरही न सरकता. येताना उतारावर मी चांदभाईंनी शिकवल्याप्रमाणे दुसऱ्या गिअरवर उतरत होतो. आरशात पाहिलं, तर अण्णांची मान आईच्या खांद्यावर कलली होती. त्या रस्त्यावर ते पहिल्यांदा झोपले होते.

महिनाभर तरी दगड गाडीत होता. मग एक दिवस अण्णांनीच मला शेडकडं गाडी घ्यायला लावली. दगड उतरवून त्यांनी चांदभाईंच्या दाराशी ठेवला. "मिस्त्री, तुमाला लागंल," म्हणाले. चांदभाईंनी दोन्ही हातांनी उचलून तो आत नेला. अण्णा पुढं तीन वर्षं राहिले. तीनही वर्षं घाट त्यांना कधी नडला नाही. त्यांचं आजारपण मी काढलं असं लोक म्हणतात, तेव्हा मी दुरुस्ती करतो. आम्ही दोघांनी काढलं, मी आणि चांदभाईंनी.

गेल्या वर्षी चांदभाईंच्या छातीत दुखायला लागलं. तपासणीला अंबाजोगाईला मी नेतो म्हणालो. सवयीनं ते मागं बसले, डोळे मिटले. मी परीक्षेला बसल्यासारखा चालवत होतो. तेलगाव गेलं, घाट लागला, तरी मागून एकही सूचना नाही, क्लचचंसुद्धा नाही. आरशात पाहिलं तर टोपी कपाळावर आलेली, तोंड किंचित उघडं. हाक मारली. पुन्हा मारली. चढ होता, वळण होतं, तरी मी गाडी कडेला घेऊन उभी केली आणि वळून त्यांच्या गुडघ्याला हात लावला.

चार महिन्यांनी ते खरंच गेले, घरी, दुपारच्या नमाजानंतर. शेड आता बंद आहे. डबी अजून मीच चालवतो आणि कुणी मागं बसलं की आरशात बघायची सवय लागली आहे. पण त्या दिवशी घाटात त्यांनी एक डोळा उघडला, आपण कुठं आहोत ते खिडकीतून पाहिलं, टोपी सारखी केली.

"कावून थांबला बे?" म्हणाले. "दगड लावायचाय का?"