पिकअपखालचा दिवाकर

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. फोन त्याच्या मुलाचा, राजेशचा. "बुआ, पापा नहीं रहे..." आम्ही मराठीत विचारायचं आणि त्यानं हिंदीत सांगायचं, असं त्याचं लहानपणापासून आहे. मी विचारलं, "दवाखान्यात की घरी?" म्हणाला, "घर में. नाश्ता किया, और बस." मी सुपातले तांदूळ डब्यात ओतले, गॅस बंद आहे का पाहिलं आणि पुरानी बस्तीला त्यांच्या घरी गेले. रडले नाही. बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. सख्खा धाकटा भाऊ गेला आणि ही कोरडी, असं त्यांच्या मनात असेल. असू दे. त्याच्यासाठी रडायचं ते मी तो जिवंत असतानाच रडून घेतलं होतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं होतं ते पहिले सांगते.

आमचे वडील रेल्वेत होते. विदर्भातून बदलून रायपूरला आले आणि इकडचेच झाले. दिवाकर रायपूरच्याच गुढियारीत जन्मला. चालायला लागला तेव्हापासून उघडण्यासारखी एकही वस्तू त्यानं घरात बंद राहू दिली नाही. स्टो उघडला, आईची शिलाई मशीन उघडली, शेजाऱ्यांचा रेडिओ उघडला. आई धोपटायची, आणि हा मार खाता खाता एका हातानं पेच गोळा करायचा. पण जोडूनही द्यायचा, हे खोटं का बोलू. माझे मालक गेले तेव्हा बाकीचे नातेवाईक तेरवीचं जेवून आपापल्या गावी गेले. हा राहिला. म्हणाला, "ताई, तुले सैपाक येते, मले गाडी येते. अजून काय पाहिजे?"

त्याच्याजवळ जुनी पिकअप होती, मालधक्क्यावरून पोती वाहायची. तेव्हा रायपूरबाहेर छत्तीसगढची नवीन राजधानी बांधणं चालू होतं. काल शेत होतं तिथे आज सिमेंटचे खांब, आणि खांबांखाली मजूरच मजूर. त्यांना दुपारचं जेवण लागायचं. मी अंगणात डाळ, भात, भाजी रांधायची. दिवाकर जेवणाचे गंज, म्हणजे मोठी पातेली, गाडीत चढवून साइटवर न्यायचा आणि तिथे वाढायचाही तोच. मजुरांशी छत्तीसगढी बोलायचा. कोणी जास्त भात मागितला तर "हव", कोणी म्हटलं उद्या मासळी आण, तरी "हव". मासळी काही कधी गेली नाही. मी एकदा म्हटलं, "लोकांले काहून खोटं बोलतो रे?" तर म्हणे, "खोटं कुठं? हव म्हणजे आयकलं. हो म्हणजे करीन. तुले मी होच म्हणतो ना?" त्या दिवशी आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो...

राजधानीकडचा रस्ता ट्रकांनी फोडून टाकला होता. त्यात पिकअपचे मागचे शॉकर गेले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खड्ड्याचा धक्का चाकावरची कमानी, म्हणजे स्प्रिंग, घेते, पण घेतल्यावर ती नाचत राहते. तिचं नाचणं जो थांबवतो तो शॉकर. तो मेला की गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर उड्या मारते. गंजाचं झाकण दोरीनं आवळून बांधलं तरी अर्धी डाळ गाडीच्या मागच्या फाळक्यावरून खाली. दिवाकर परत आला की चिडवायचा, "ताई, तुह्या हातची डाळ आता रस्ताच जेवून राहिला."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो नवीन शॉकरची जोडी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, माझ्या अंगणात सिमेंट आहे, गाडी सपाट उभी राहते, मिस्त्री कशाला पाहिजे. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागून जॅक दिला, खाली लाकडाचे ठोकळे ठेवले आणि पोतं अंथरून तो गाडीखाली शिरला. नट गंजलेले होते, आदल्या दिवशीच त्यावर तेल सोडून ठेवलं होतं त्यानं. तरी पान्यावर लाथा मारल्या तेव्हा ते हलले. जुना शॉकर काढून त्यानं मला दाखवला. हातानं दाबला की आत जायचा, आणि आतच राहायचा. "पाह्य, मेला. आता उठत नाही हा."

नवीन शॉकर पट्टीनं दाबून बांधलेला असतो. पट्टी कापली की तो आपोआप लांब होतो, मग भोकासमोर भोक येत नाही. एकानं जोर लावून दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं तेवढ्यात बोल्ट घालायचा. धरायचं काम माझं. मी चाकाजवळ गुडघे टेकून बसले आणि अंगातलं सगळं वजन हातांत आणलं. खालून तो ओरडत होता, "दाब ताई, दाब... सोडजो नको!" मी म्हटलं, "मेल्या, सैपाकीण आहो मी, पैलवान नाही." तो गाडीखाली इतका हसला की बोल्ट हातातून पडला. एका बाजूचा बसला, मग दुसऱ्या बाजूचा. नट शेवटचे आवळायचे ते जॅक काढून, चाकांवर वजन आल्यावर, नाहीतर आतलं रबर पिळलं जातं, हेही त्यानंच सांगितलं. सगळं झाल्यावर मला फाळक्यावर बसवलं आणि उतर म्हटलं. गाडी वर आली आणि जागच्या जागी थांबली. मला फार बरं वाटलं.

मी म्हटलं, "उद्या जरा लवकर ये. सोमवारी मजूर जास्त राहतात."

तो घासलेटानं हात पुसत होता. म्हणाला, "हव."

हव म्हणाला. हो नाही म्हणाला. माझ्या कानावर पडलं, आणि मी चहा टाकायला आत गेले.

सोमवारी सगळं रांधून तयार होतं आणि दिवाकर आला नाही. फोन उचलत नव्हता. गाडी कुठे पडली तर नाही, ठोकली तर नाही, या काळजीनं मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन पाहून आले. शेवटी शेजारच्या पोराचा ऑटो काढला, गंज त्यात कोंबले आणि साइटवर गेले. पिकअप झाडाखाली उभी होती. फाळक्यावर डाळीचा एक शिंतोडा नव्हता. गाडीत नवे कोरे स्टीलचे गंज, वाढायला दिवाकरचा साळा, आणि भाताच्या गंजाजवळ पळी घेऊन दिवाकर. मला पाहून म्हणाला, "ताई, तू काहून आली?"

एवढंच. तू काहून आली.

मी म्हटलं, "जेवण आणलं." ठेकेदाराचा माणूस मध्येच बोलला, "दाई, खाना तो आ गया." दिवाकर गंजात पाहत राहिला. मी ऑटो वळवला. अन्न फेकलं नाही, पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, वाटलं. लोक विचारत होते कशाचं जेवण आहे. मी म्हटलं, "नव्या शॉकरचं."

पुढे मी पापड-कुरड्या करून पोट भरलं. त्याचं काही अडलं नाही, माझंही नाही. लग्नकार्यात समोर यायचा, "बरी आहे ना?" विचारायचा. मी बरी आहे म्हणायची. काम जाण्याचं दुःख मी धरून बसले नाही, कामं जातात. मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती. रविवारी पोत्यावर पडून मला दाब-दाब म्हणत होता, तेव्हा त्याला ठाऊक होतं का? रात्रीतून बायकोनं आणि साळ्यानं फिरवलं असेल, तर माझा भाऊ कच्चा होता. कच्च्या भावाला माफी देता येते. पण त्याला विचारायची माझी छाती झाली नाही, आणि तो आपण होऊन बोलला नाही.

तेरवीच्या दिवशी त्याच्या बायकोला, शोभाला, विचारलं. ती पानं पुसत होती.

"ताई, आता काय लपवू? पोळ्यालेच ठरलं होतं. माह्या भावाचे गंज न्यायचे म्हणूनच तर शॉकर आणले."

"मग माह्या अंगणात काहून बदलले?"

"ते म्हणत, एकट्यानं बसत नाही. अन् ताईसारखं दाबून कोणी धरत नाही." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुमचं लई कौतुक होतं त्यांले."

कौतुक असेलच. मला ते नाकारता येत नाही, आणि तेच गिळवत नाही. साळ्याचे हात त्याला चालले नाहीत. माझी भाकरी नेणारी गाडी पक्की करायला त्याला माझेच हात लागले, आणि ते हात शॉकर दाबून धरत असताना तो मनापासून हसलाही होता. त्याचं हसणं खोटं नव्हतं. माझा भाऊ मला ठाऊक आहे...

बाहेर आले तर पिकअप गल्लीत उभी. आता राजेश चालवतो. मागून एका अंगाला बसली आहे. गाडीचं चाक आणि नाली यांच्यामध्ये एका माणसाला आडवं होता येईल एवढी जागा आहे. मी नको म्हणत असताना माझी नजर तिथे गेली. त्या जागेतून दोन पाय बाहेर यायला पाहिजे होते, टाचा भेगाळलेल्या, आणि खालून कोणीतरी पाना मागायला पाहिजे होता.

राजेश माझ्यामागे येऊन उभा राहिला. "बुआ, पीछे के शॉकर फिर गए. पापा कहते थे, पकड़ना आपको ही आता है. किसी इतवार आ जाओगी?"

मी म्हटलं, "येईन. पण पहिले सांग, गाडीत कोणाचं सामान जाणार?"

"मतलब?"

"मतलब काही नाही. मांगच्या वेळी इचाराचं राहून गेलं होतं."

राजेश हसला आणि चाकाकडे पाहू लागला. मी रस्त्यावर येऊन ऑटोला हात केला.