तुळसाच्या वळणावरची पॅसेंजर

कणकवलीच्या बाजारात तुळसाचा फोटो स्टुडिओ आहे. दिवसभर ती माणसांना "मान सरळ, डोळे उघडे" असं दटावत पासपोर्टचे फोटो काढते, पण तिचा सगळा जीव रेल्वेगाड्यांवर. घरच्या काजूच्या बागेत एक कातळ आहे. तिथून रेल्वेचं वळण दिसतं आणि इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत अख्खी गाडी एका नजरेत मावते. सुट्टीच्या दिवशी ती तिथे कॅमेरा घेऊन उभी. एखाद्या पुरुषाने हे केलं असतं तर गावाने त्याला छंद म्हटलं असतं. तुळसा करते म्हणून तिचं डोकं फिरलेलं! तिने कुणाला खुलासा दिला नाही, आणि का द्यावा?

आरोंद्याच्या विनीतचं स्थळ आलं. फोनवर मोकळं हसणारा माणूस. तुळसाला मनापासून आवडला. पण त्याच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, निरोप धाडला: लग्नानंतर हे गाड्यांचे फोटो बंद. तुळसाचा थोरला भाऊ लवू लगेच देवळात जाऊन कौल लावून आला. मूर्तीवर चिकटवलेली उजवीकडची पाकळी आधी पडली, म्हणजे देवाचा होकार.

"देवान कौल दिलो. आता तो कॅमेरो पेटयेत घाल."

"दादा, तू देवाक काय इचारलंस?"

"ह्या लगीन जमवू काय, असा."

"मगे गाडयेचा खंय इचारलंस?"

लवू प्रसादाचा नारळ घेऊन स्वयंपाकघरात गेला.

बोलणी पक्की करायला पाहुणे यायचे त्या सकाळी पॅसेंजरमध्ये चहा विकणाऱ्या मंगेशचा सावंतवाडीहून फोन आला. "तुळसाताई, आज जुना डिझेल इंजिन लावल्यानी हा! शेवटची फेरी म्हणतत."

मार्गावर विजेच्या तारा आल्यापासून त्या वळणावर डिझेलचा धूर दिसेनासा झाला होता. तुळसाने कॅमेरा उचलला. लवू दारात आडवा आला. मोटारीत उलट्या होतात म्हणून रुक्मिणीबाई त्याच पॅसेंजरने येत होत्या, आणि वळणावर उभी असलेली तुळसा त्यांना खिडकीतून दिसल्याशिवाय राहणार नव्हती.

"आजच्या दिवस तरी रव गो. लगीन मोडात."

"मोडूंदे. चोरून नांदूचा काय माका?"

विनीत हातचा जाईल हे तिला कळत होतं. तरी ती नव्या साडीत कातळ चढली. गाडी आली. काळा धूर काजूच्या मोहोरावर सोडत ते म्हातारं इंजिन वळणावर कललं, आणि तुळसाने मनसोक्त फोटो काढले.

पाहुणे घरी येऊन टेकतात न टेकतात तोच रुक्मिणीबाईंनी विचारलं, "कातळार उभी होती ती तूच मां?"

"होय काकी, मीच." तुळसाने कॅमेराच त्यांच्या हातात दिला.

फोटोत इंजिनामागच्या डब्याच्या खिडकीतून रुक्मिणीबाई धूर बघायला वाकल्या होत्या. पदर उडालेला, केस विस्कटलेले, आणि तोंडभर हसू. त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"माका ह्यो छापून दी."

"देतलंय. पण लग्नाआधीच न्येवा, मागीर फोटो बंद मां? आणि मी बंद करूचंय नाय. चलत नसात तर फोटो घेवन जावा, माका ह्या लगीन नको."

शेजारी बसलेला विनीत आईकडे बघू लागला. रुक्मिणीबाई लवूकडे वळल्या. "तुमच्या देवाक परत इचारून बघा."

लवू खरंच उठला. "देवाक कित्याक तरास?" तुळसा म्हणाली. "मी तुमका इचारतंय काकी. तुम्हीच सांगा."

रुक्मिणीबाईंनी पुन्हा एकदा फोटोतल्या स्वतःकडे पाहिलं. "दोन काढ. एक माका, एक आरोंद्याच्या भिंतीर लावूक."

"आणि गाडयेचे फोटो?"

"काढ गो बाय, काढ!"

तेव्हा कुठे तुळसाने त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.