रंगावर आवळलेली वायर

आज फाटकाला ऑइल पेंट लागला आणि त्या उग्र वासानं मला थेट आमच्या जुन्या व्हॅनमध्ये नेऊन बसवलं. तिच्यात झोपायची सोय मी स्वतः केली होती. पंख्यासाठी दुसरी बॅटरीही बसवली होती. बायकोची अट एकच : पंखा फिरला तर तिच्या माहेरी चंदगडला दोघं व्हॅननं, नाहीतर ती एकटी एसटीनं.

पंखा ढिम्म! फ्यूज तीनदा बदलला, वायरी उपसल्या, बॅटरीवाल्याला शिव्या घातल्या. दारात तिची पिशवी भरून तयार.

शेवटी गल्लीतल्या रशीदभाई वायरमनना बोलावलं. बॅटरीची काळी वायर मी गाडीच्या पत्र्याला आवळली होती, तिथं त्यांनी नख मारलं.

"सायेब, हितं रंग कुणी दिला?"

"मीच. गंजू नये म्हणून दोन हात."

"आन् रंगावरच वायर आवळलीसा? रंगातनं करंट जातोय व्हय?"

त्यांनी पॉलिश पेपरनं पत्रा उघडा केला, वायर पुन्हा आवळली. पंखा भिरभिरला. बायकोनं पिशवी उचलून व्हॅनमध्ये ठेवली. माझ्या हाताला न फिरता त्यांच्या हाताला लगेच फिरला म्हणून तेव्हा मला त्या पंख्याचाच राग आला होता.

"बिजागरीवरबी रंग मारू?" आज पेंटरनं विचारलं. मी तोंड उघडतोय तोच आतून आवाज आला, "ह्यांना विचारू नका!"