दाजींची बांधणी

गुंतलेली वायर बघून ज्याचा जीव कासावीस होतो, असा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच असावा आणि तो साडू म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला ‘पाहुणं’ म्हणतात. कळसला त्यांची द्राक्षबाग आहे आणि त्या बागेत एकही काडी तारेबाहेर लोंबताना कुणी पाहिलेली नाही. तिथवर सगळं ठीक होतं. पण एकदा घरातला कॉम्प्युटर बंद पडला, दुरुस्तीवाल्यानं त्यांच्यासमोर कॅबिनेटचं झाकण काढलं आणि आतलं लाल-पिवळं-काळं जंजाळ बघून दाजी हादरले. ‘आरं, ह्याची बांधणी कुणी करतं का न्हाय?’ असं त्यांनी त्या बिचाऱ्याला दरडावून विचारलं म्हणे. तेव्हापासून दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं आधी देवाला, मग वडीलधाऱ्यांना नमस्कार करतात, दाजी आधी कॅबिनेटकडे बघतात.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर, बॅटरी आणि प्लास्टिकच्या पट्ट्या कायम असतात. एकदा बँकेत साहेबांनी ‘बसा’ म्हटलं, तर हे काउंटरला वळसा घालून थेट आत. चौकीदार धावत आला, तेव्हा त्याच्याच हातात बॅटरी देत म्हणाले, ‘बरं झालं आलासा. हिकडं जरा उजेड धरा.’ त्यानं धरलासुद्धा! त्यांच्या पुतण्यासाठी इंदापूरला मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा आम्ही सगळे पोहे खात मुलीच्या शिक्षणाची चौकशी करत होतो आणि दाजींची नजर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर खिळलेली. न राहवून त्यांनी मुलीच्या वडलांना विचारलं, ‘त्यो डबा कधी उघडून बघितलाय का?’ वडील गोंधळले. मुलगी मात्र खुदकन हसली आणि आतून स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. लग्न जमलं. ते पत्रिकेमुळे जमलं की डबा आवरल्यामुळे, यावर घरात अजून दोन तट आहेत.

आमच्या बारामतीच्या घरातलं कॅबिनेट म्हणजे शाळेच्या दप्तराएवढं. त्यात दोन हार्डडिस्क आणि त्यांच्या केबली. हात घालायचा तर बांगड्या भरणाऱ्या कासाराकडूनच शिकून यावं. पाडव्याला दाजी आले, जेवणाआधीच मांडी घालून बसले आणि एकेक केबल पत्र्यामागून फिरवून, ताणून, पट्टीनं आवळून बांधली. मेव्हणी तीनदा जेवायला बोलावून गेली. ‘आत वारा खेळला पायजे, पाहुणं. कोंदटलं की भुरी आलीच,’ ते म्हणाले. भुरी हा द्राक्षांवरचा रोग, तो कॉम्प्युटरवर पडत नाही, हे सांगण्याची माझी छाती झाली नाही. खरं सांगायचं तर आतून कॅबिनेट इतकं देखणं झालं होतं की झाकण लावायला जिवावर आलं.

त्यानंतर काही महिन्यांनी कन्हेरीहून सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या. सासरे आदल्या वर्षी गेले होते. त्यांचा मी मोबाईलवर काढलेला एकच व्हिडिओ होता. मोबाईल पुढे हरवला, पण व्हिडिओ त्या दोनांपैकी जुन्या हार्डडिस्कवर उतरवून ठेवलेला होता. सासूबाईंनी तो कधी बघितला नव्हता. डोळ्यांपुढे सगळंच धूसर असायचं. ऑपरेशन होऊन डोळ्यावरची पट्टी निघाली, दाजी आणि मेव्हणी भेटायला आले आणि चहा घेता घेता सासूबाई म्हणाल्या, ‘जावईबापू, आता दिसतंय मला. त्यास्नी बघू द्या की.’

मी कॉम्प्युटर लावला. तो सुरू झाला, पण जुनी हार्डडिस्क दिसेचना. बंद केला, परत लावला. नाही. दोघी बहिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाई पदर सावरून खुर्ची पुढे ओढून बसलेल्या.

दाजी खाली बसले आणि झाकण काढलं. आत सगळं चापूनचोपून नेसवल्यासारखं होतं. फक्त जुन्या डिस्कची केबल इतकी ताणलेली की तिची पिन अर्धी बाहेर निघून आली होती. दाजींचा चेहरा उतरला.

‘म्याच आवळलंय जास्त,’ सासूबाईंकडे चोरून बघत ते हळूच म्हणाले. ‘न्हाय मिळालं तर आत्याबाईंना काय सांगू?’

‘डिस्क गेली नसेल, दाजी. पिन बसवून तर बघा.’

त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टी कापली, केबल मोकळी केली आणि पिन दाबून बसवली. मी बटण दाबलं. डिस्क दिसली.

पडद्यावर सासरे कोबीच्या वाफ्यात उभे होते. टोपी मागे सारलेली, चेहऱ्यावर संशय. ‘ह्ये चालू हाय का? बोलू काय? आन् ही कुठं हाय? ए, हिकडं ये की! फोटू काढत्यात!’

‘आले, आले,’ म्हणत सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

व्हिडिओ संपला. त्या म्हणाल्या, ‘परत लावा.’ मी परत लावला. सासरे पुन्हा हाक मारत होते, सासूबाई पुन्हा ‘आले’ म्हणत होत्या, आणि बहिणी हसता हसता डोळे पुसत होत्या. तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. दाजी अजून टेबलाखालीच होते. पिन पुन्हा सुटू नये म्हणून कॅबिनेटमध्ये बोट घालून त्यांनी ती घट्ट दाबून धरली होती. तिथून त्यांना पडदा दिसत नव्हता. नुसता सासऱ्यांचा आवाज ऐकत, मान खाली घालून ते बसले होते.

‘दाजी, सोडा आता. पक्की बसलीय ती,’ मी म्हणालो.

‘व्हय, व्हय,’ ते म्हणाले. ‘म्हातारीचं बघून होऊ दे.’